तारेच्या अलीकडच्या गोळ्या: न्यू जर्सीतल्या एका रानाचं प्रकरण

पार्श्वभूमी

न्यू जर्सीच्या मॉनमथ काउंटीत राहणारं एक मराठी कुटुंब. वडील सॉफ्टवेअरमध्ये, ग्रीन कार्डच्या रांगेत. मुलगी नववीत. त्या वर्षी आजी पुण्याहून सहा महिन्यांसाठी आली होती. ओळख पटू नये म्हणून गाव, वर्ष आणि काही बारकावे गाळले आहेत. घटनांचा क्रम मात्र घडला तसाच आहे. मेटल डिटेक्टर (जमिनीतला धातू आवाजाने दाखवणारं यंत्र) घेऊन केल्या जाणाऱ्या पुरातत्त्व सर्वेक्षणांत मी स्वयंसेवक म्हणून जातो, तेवढ्या ओळखीवर वडिलांनी मला फोन केला. तोपर्यंत बरंच काही होऊन गेलं होतं.

छंदाची सुरुवात शाळेतल्या धड्यापासून झाली. २८ जून १७७८ रोजी याच काउंटीत मॉनमथची लढाई झाली. फिलाडेल्फिया सोडून न्यूयॉर्ककडे निघालेल्या ब्रिटिश सेनेला वॉशिंग्टनच्या सैन्याने इथे गाठलं. दिवस भाजून काढणारा होता. दोन्हीकडचे कितीतरी सैनिक गोळीने नाही, तर उन्हाने गेले. रात्री ब्रिटिश सेना गुपचूप निघून गेली आणि मैदान अमेरिकनांकडे राहिलं. ब्रिटिशांच्या पिछाडीची जबाबदारी होती लॉर्ड कॉर्नवॉलिसकडे. हा तोच कॉर्नवॉलिस, जो पुढे गव्हर्नर-जनरल होऊन हिंदुस्थानात आला आणि १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणसमोर टिपूविरुद्ध हरिपंत फडक्यांच्या फौजेसोबत उभा राहिला. आणि मॉनमथनंतर काही महिन्यांतच, जानेवारी १७७९ मध्ये, कंपनीच्या मुंबईहून निघालेल्या फौजेला वडगावला मराठ्यांनी कोंडीत धरलं होतं. आजीला हे सांगितल्यावर तिला नातीच्या या उद्योगात एकदम रस वाटू लागला, असं वडील म्हणाले.

वडिलांनी मधल्या किमतीचा डिटेक्टर घेतला. पहिला उन्हाळा समुद्रकिनाऱ्यावर गेला: नाणी, बाटल्यांची झाकणं, एक अंगठी. मग रानाचे वेध लागले. घराजवळ एका म्हाताऱ्या बाईंचं शेत होतं. पुढे गवताची कुरणं, मागे ओक आणि सीडरचं दाट रान. त्यांच्या रस्त्याकडेच्या टपरीवरून हे कुटुंब दर उन्हाळ्यात मका आणि टोमॅटो घ्यायचं. विचारल्यावर बाई म्हणाल्या, खुशाल फिरा, खड्डे बुजवा आणि काही सापडलं तर मला दाखवा. हद्द कुठवर, तर मागच्या काटेरी तारेपर्यंत. हे सगळं तोंडी. कागद झाला नाही.

रानात काय सापडत गेलं

शिकारीचा मोसम संपला होता आणि पालवी अजून यायची होती, अशा दिवसांत बापलेक रानात जायचे. पँट मोज्यांत खोचलेली, कारण इथल्या हरणांवरच्या गोचिडी लाइम रोग देतात. डिटेक्टरच्या कामात नव्वद टक्के कचरा असतो: काडतुसांची पितळी बुडं, बिअरच्या डब्यांची कान उपटलेली झाकणं, खिळे, नाल. लोखंडाचा घोगरा आवाज चार दिवसांत ओळखू येतो. शिशाचा मात्र फसवतो. अ‍ॅल्युमिनियमच्या तुकड्याचा आणि शिशाच्या गोळीचा आकडा पडद्यावर जवळजवळ सारखाच येतो. म्हणून युद्धकाळातलं काही हवं असेल, तर कचरा उकरण्याचा कंटाळा करून चालत नाही. मुलगी कंटाळत नसे.

पहिली गोळी कुरणाच्या कडेला, वीतभर खाली मिळाली. पांढुरकी, खडबडीत, आकाराच्या मानाने जड. जमिनीत राहून शिशावर असा पांढरा थर चढतो. ठासणीच्या बंदुकीची गोळी. त्यानंतर आणखी मिळत गेल्या. काही गोल, काही चेपलेल्या, एक चावल्यासारखी. सैनिकाने वेदनेत गोळी चावली, ही कथा अशा प्रत्येक गोळीला चिकटते. बऱ्याचदा ती डुकरांनी चघळलेली असते. सोबत एक सपाट पितळी बटण, त्यावर आकडा नाही, अक्षर नाही. ब्रिटिश पलटणींच्या बटणांवर तेव्हा पलटणीचा क्रमांक असे. हे बटण त्या काळच्या कुठल्याही शेतकऱ्याचं असू शकतं.

पहिल्या वसंतात जे मिळालं, ते सगळं श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात जात होतं. कुठलं कुठे सापडलं, हे डब्याला माहीत नव्हतं आणि पुढे कुणालाच सांगता येणार नव्हतं. दुसऱ्या वर्षी मुलीने फोनवरच्या नकाशात प्रत्येक वस्तूची जागा टिपायला सुरुवात केली आणि वस्तू आकडे घातलेल्या पिशव्यांत ठेवू लागली. कुणी सांगितलं म्हणून नाही, तिला टिपणं काढायला आवडतं म्हणून. या प्रकरणात जे काही वाचलं, ते या सवयीमुळे.

याच काळात तांब्याचं एक नाणं मिळालं: घोड्याचं डोकं, खाली नांगर, भोवती ‘नोव्हा सीझेरिया’, म्हणजे लॅटिनमधलं न्यू जर्सी. अशी नाणी राज्याने १७८६ ते १७८८ या काळात पाडून घेतली आणि ‘ई प्लुरिबस युनम’ हे अमेरिकेचं ब्रीद नाण्यांवर पहिल्यांदा आलं ते यांच्यावरच. घरी आणल्यावर आजीने कौतुकाने ते चिंच-मिठाने घासलं. देवाची तांब्याची भांडी जशी लखलखीत होतात, तसं ते झालं आणि सव्वादोनशे वर्षं त्याला सांभाळणारा हिरवट-तपकिरी थर गेला. घोड्याचा डोळा त्या थरातच टिकून होता, तोही गेला. आजीला कुणी काही बोललं नाही. तिला ते कुणी आधी सांगितलंच नव्हतं.

अडचण कुठे उभी राहिली

एप्रिलमध्ये रानाच्या मागच्या टोकाला एक मोठा लोखंडी आवाज लागला. हातभर खाली, आंब्यापेक्षा मोठा, गोल गोळा. वडील आनंदाने वेडे व्हायचे बाकी होते. मुलगी म्हणाली, ‘बाबा, हात लावू नकोस. आत बंदुकीची दारू असली तर?’

तिची भीती पोकळ नव्हती. भरीव तोफगोळा निव्वळ लोखंड असतो, पण पोकळ गोळ्यात दारू भरलेली असते आणि ती शतकानंतरही पेटू शकते. २००८ मध्ये व्हर्जिनियात यादवी युद्धातला असा गोळा साफ करताना एक अनुभवी संग्राहक जागीच गेला. बापलेक मागे सरले, खुणेला फांदीवर रुमाल बांधला आणि पोलिसांना फोन केला. या साऱ्या प्रकरणातला हा सर्वांत चांगला निर्णय, आणि तो चौदा वर्षांच्या मुलीने घेतला.

बॉम्बपथक आलं, तपासणी झाली. गोळा भरीव निघाला आणि त्याला कडी अडकवायचं भोक होतं. फाटक आपोआप मिटावं म्हणून साखळीला टांगतात, तसलं वजन. सगळे हसले. जाताना पोलिसाने कागदावर जागा लिहून घेतली आणि सहज विचारलं, ‘ही जमीन कुणाची?’ वडिलांनी बाईंचं नाव सांगितलं.

घरी येऊन मुलीने काउंटीचा भूखंड-नकाशा उघडला. तो कुणालाही पाहता येतो. त्यावर तिने आपल्या सगळ्या जागा टाकल्या आणि वडिलांना हाक मारली. बाईंची हद्द काटेरी तारेपर्यंत नव्हतीच. तारेच्या बरीच अलीकडे ती संपत होती आणि मधली लांबट पट्टी राज्य सरकारच्या नावावर होती. नंतर कळलं की बाईंच्या यजमानांनी ती पट्टी कित्येक वर्षांपूर्वी मोकळी जागा राखण्यासाठी राज्याला विकली होती. १९६१ पासून ‘ग्रीन एकर्स’ योजनेतून न्यू जर्सी अशा जमिनी घेत आलं आहे. तार कुणी हलवली नाही. ती झाडांच्या बुंध्यांत रुतून बसली होती, आणि बाईंच्या डोक्यात हद्द म्हणून तीच होती.

टिपलेल्या जागांपैकी चौदा सरळसरळ सरकारी पट्टीत पडत होत्या. चार-पाच रेषेवरच, कारण दाट झाडांखाली फोनचा अंदाज काही मीटर इकडेतिकडे होतो. लोखंडी गोळाही पट्टीतच होता, आणि त्याची जागा आता पोलिसांच्या कागदावर होती.

समोर कोणते रस्ते होते

इथे वडिलांचा मला फोन आला. ते घाबरले होते आणि इंटरनेटवर जे वाचलं होतं, त्याने आणखी घाबरले होते. त्यांनी वाचला होता १९७९ चा संघीय पुरातत्त्व-संरक्षण कायदा, ज्यात शंभर वर्षांहून जुनी पुरातत्त्वीय वस्तू संघीय जमिनीतून विनापरवाना काढल्यास पहिल्याच गुन्ह्याला तुरुंगवास होऊ शकतो. राष्ट्रीय उद्यानात तर जोडलेला डिटेक्टर नुसता जवळ असणंही नियमाविरुद्ध आहे. गाडीत असेल तर सुटा करून बांधलेला हवा. पण ही जमीन संघराज्याची नव्हती, राज्याची होती. कायदा वेगळा. तो सौम्य आहे असं नाही: राज्याच्या जमिनीतून पुरातन वस्तू परवानगीशिवाय उचलणं न्यू जर्सीतही बेकायदेशीरच आहे. फक्त कुठल्या कायद्याला भ्यायचं, हे आधी ठरवावं लागतं.

घरात चार मतं होती.

पहिलं, गप्प बसायचं. वडिलांचा कल तिकडे होता आणि त्यामागे ग्रीन कार्ड होतं. इमिग्रेशनच्या अर्जात अटक किंवा गुन्ह्याबद्दल विचारतात. आपल्या पायाने जाऊन कबुली कशाला द्यायची? ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. बाहेरून ‘खरं सांगून मोकळे व्हा’ म्हणणं सोपं असतं. पण पोलिसांच्या कागदावर जागा आणि नाव दोन्ही होतं. आज ना उद्या कुणी नकाशा पाहिला असता आणि तेव्हा हे कुटुंब लपवणारं ठरलं असतं.

दुसरं, सगळं जिथल्या तिथे परत पुरायचं. आईला हे सर्वांत सज्जनपणाचं वाटत होतं. माझ्या मते सर्वांत वाईट तेच. एक तर त्यासाठी सरकारी जमिनीत पुन्हा खणावं लागलं असतं, यावेळी जाणूनबुजून. आणि उकरलेली गोळी पुन्हा पुरली की ती तिथे पडलेली राहत नाही, ठेवलेली होते. पुढे येणाऱ्या अभ्यासकाला ती खोटं सांगते.

तिसरं, निनावी पाकिटातून, ती पट्टी ज्यांच्या ताब्यात आहे त्या सरकारी उद्यानाच्या कार्यालयाला पाठवून द्यायचं. यात वस्तू परत गेल्या असत्या, पण जागांचा नकाशा जोडला तर निनावी राहता आलं नसतं आणि नकाशाशिवाय त्या वस्तूंचं कार्यालयाने करायचं काय?

एका ओळखीच्या गृहस्थांनी विकत घेण्याची तयारी दाखवली होती. साध्या शिशाच्या गोळीला मोजके डॉलर मिळतात. त्यासाठी चोरीच्या मालाचा व्यवहार अंगावर घेणं इतकं खुळं होतं की त्यावर चर्चाही झाली नाही.

चौथं मत आजीचं. ‘सरकारी जागेतलं आहे ना? मग देऊन टाका. पण आधी वकिलाला विचारा.’ यात ‘पण’नंतरचा भाग मोलाचा होता.

मला विचारलं तेव्हा मी नकाशाबद्दल बोललो. डिटेक्टर हे पुरातत्त्वात बराच काळ चोराचं हत्यार समजलं जाई. ते बदललं १९८४ मध्ये मोंटानातल्या लिटल बिगहॉर्न या जुन्या लढाईच्या जागी: आदल्या वर्षीच्या वणव्याने गवत जळून गेलं होतं आणि अभ्यासकांनी स्वयंसेवकांच्या हाती डिटेक्टर देऊन रणभूमीचा कोपरा न् कोपरा टिपला. कुठली बंदूक कुठून कुठे सरकली, हे काडतुसांवरच्या खुणांवरून दिसलं. मॉनमथलाही ‘ब्राव्हो’ या स्वयंसेवी संस्थेने हेच केलं. तिथल्या डॅनियल सिविलिच यांनी शिशाच्या गोळ्यांसाठी एक सूत्र बसवलं: ग्रॅममधल्या वजनाचं घनमूळ काढून ०.२२३ ने गुणायचं, की चेपलेल्या गोळीचाही मूळ व्यास इंचांत मिळतो. ०.६९ च्या आसपास आला तर ब्रिटिशांच्या ‘ब्राउन बेस’ बंदुकीची शक्यता, ०.६५ किंवा खाली आला तर फ्रेंच घडणीच्या बंदुकीची, जी अमेरिकनांच्या हाती बरीच होती. गोल राहिलेली गोळी बहुधा भरताना हातून पडलेली. चेपलेली म्हणजे उडालेली. नुसत्या गोळ्यांनी उभं राहायची जागा आणि मारा पडायची जागा वेगळी काढता येते. मात्र हे सगळं जागा माहीत असेल तरच. मुलीने हे ऐकलं आणि त्या रात्री स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन बसली.

काय केलं

आधी वकील. इमिग्रेशनचा वेगळा आणि फौजदारीचा वेगळा, दोघांशी एकेक बैठक. खर्च डिटेक्टरच्या किमतीहून जास्त झाला. दोघांनीही सांगितलं की स्वतः फोन करू नका, काही टाकून देऊ नका, काही घासू नका आणि नकाशातलं एक टिंबही पुसू नका.

मग बाईंना सांगायचं होतं. हे वडिलांना सर्वांत जड गेलं. बाई आधी चिडल्या. तार हीच हद्द, असं ठासून म्हणाल्या. मुलीने नकाशा दाखवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि आतून खरेदीखत घेऊन आल्या. यजमानांची सही होती. त्यांच्या जमिनीतल्या वस्तूंची यादी त्याच बैठकीत झाली आणि पहिल्यांदा कागदावर करार झाला: काय कुणाचं, कुठे खणायचं, कुठे नाही. अमेरिकेत खासगी जमिनीत पुरलेली वस्तू सहसा जमीनमालकाची धरली जाते. ‘मला दाखवा’ याचा अर्थ ‘तुम्ही ठेवा’ होतो की नाही, हे तोवर कुणी विचारलंच नव्हतं.

शेवटी वकिलाने उद्यानाच्या कार्यालयाला पत्र लिहिलं. सोबत नकाशा, वजनांचा तक्ता, वस्तूंचे फोटो आणि हद्दीबद्दल गैरसमज कसा झाला, त्याचं दीड पानी निवेदन. रेषेवरच्या संशयित वस्तूही सरकारी धरूनच यादीत घातल्या. वडिलांनी त्यावर हुज्जत घातली होती. वकिलाने ऐकलं नाही आणि ते बरं झालं.

निष्पत्ती

दोनेक महिने काहीच उत्तर नव्हतं. त्या दोन महिन्यांत वडिलांचं वजन उतरलं. मग बोलावणं आलं. वस्तू पावती करून जमा झाल्या, लेखी समज मिळाली, खटला झाला नाही. दुसऱ्या अधिकाऱ्यापुढे किंवा दुसऱ्या राज्यात हेच झालं असतं, असं मी म्हणणार नाही.

कार्यालयाकडून आलेल्या पुरातत्त्वाच्या बाईंनी गोळ्या पाहण्याआधी नकाशा मागितला. त्यांचे प्रश्न वेगळेच होते. डिटेक्टरची कॉइल, म्हणजे जमिनीवरून फिरवायची चकती, केवढी होती? लोखंडाचे आवाज गाळून टाकले होते का? आणि रानात कुठे कुठे फिरूनही काही मिळालं नाही? शेवटच्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. मुलीने सापडल्याच्या जागा टिपल्या होत्या, चालण्याची वाट नाही. त्यामुळे नकाशातला मोकळा भाग खरंच मोकळा होता की तिथे कुणी गेलंच नव्हतं, हे कळायला मार्ग नाही.

वजनांच्या तक्त्यात दोन गट दिसतात, एक ०.६९ च्या आसपास आणि एक ०.६३ ते ०.६५ मध्ये. चेपलेल्या गोळ्या पट्टीच्या पूर्वेला जास्त आहेत. मुलीला ही चकमक वाटते. पुरातत्त्वाच्या बाई म्हणाल्या, असेलही. पण लढाईनंतर पन्नास-साठ वर्षं इथले शेतकरी तसल्याच बंदुकांनी हरणं मारत होते. त्यांनी पट्टी पुढच्या सर्वेक्षणाच्या यादीत घातली. पहिल्या वर्षीचा श्रीखंडाचा डबाही त्यांनी पाहिला, झाकण लावलं आणि परत दिला. त्यातल्या गोळ्यांचा उपयोग शाळेत दाखवायला होईल, म्हणाल्या.

वेगळं काय करता आलं असतं

भूखंड-नकाशा पहिल्या दिवशी उघडायला हवा होता. पाच मिनिटांचं काम. बांधावरून पिढ्यान् पिढ्या कज्जे चाललेले पाहणाऱ्या आपल्या माणसांनी परक्या देशात जुन्या तारेवर विश्वास ठेवावा, याचं मला नवल वाटतं. पण जमीनमालकच छातीठोक सांगत असेल तर कागद मागणं उद्धटपणाचं वाटतं, हेही खरं. तोंडी होकार मिळाला की ‘हद्द नकाशावर दाखवाल का?’ एवढं विचारलं, तर बहुतेक कुणी रागावत नाही.

वाटणी खणण्याआधी लिहून घ्यावी. हे कुटुंब सुदैवी, कारण काही किमती सापडलं नाही.

रणभूमीला लागून असलेल्या रानात आपण मुळात खणावं का, हा प्रश्न उरतो आणि त्यावर माझं आणि वडिलांचं पटत नाही. ते म्हणतात, नांगराच्या थरातली गोळी दरवर्षी इकडची तिकडे होतच असते, कुणी उचलली नाही तर झिजून जाईल. कुरणापुरतं ते बरोबर आहे. रानात नांगर फिरून कित्येक वर्षं झाली आहेत. तिथली गोळी घाईत नाही. किनारा, मैदान, पाडलेल्या घराचं आवार, इथे छंद करावा. लढाईच्या जागेवर सर्वेक्षणाच्या रांगेत उभं राहून करावा. मुलगी आता तेच करते: दोरीने आखलेल्या पट्ट्यात ठरल्या वेगाने चालायचं, आवाज आला की झेंडा रोवायचा आणि पुढे जायचं. खणतं दुसरंच कुणी. पहिल्या दिवशी तिला हे भयंकर कंटाळवाणं वाटलं होतं.

बाईंच्या बाजूच्या रानात, नव्या हद्दीच्या अलीकडे, अजून एक जोरदार आवाज आहे. जागा टिपलेली आहे, करारात बसते, खणायला कायद्याची आडकाठी नाही. वडिलांना तो या वसंतात खणायचा होता. बाईंनी सांगितलं आहे की शेजारच्या पट्टीचं सर्वेक्षण होईपर्यंत थांबा. त्यांची जमीन, त्यांचा शब्द. ते किती लांबेल, हे कार्यालयाने सांगितलेलं नाही.